अर्धा तास पाणी नाही

"डॉक्टर, समजा एखादा मुलगा नुकताच दूध पिऊन आलाय आणि त्यानं मला किस केलं, तर माझ्या घशाला काही होईल का?"

विचारलं. एकदाचं विचारलं. आवाज मध्येच चिरकला, पण शब्द सगळे बाहेर आले. शेजारी बसलेल्या आईच्या मांडीवरची पिशवी घसरली आणि माझे दोन वर्षांचे रिपोर्ट फरशीवर पसरले. ते गोळा करायला ती वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

प्रश्न माझा नव्हता, रेडिओचा होता. रेडिओ म्हणजे माझी वर्गमैत्रीण, जिला बंद करायचं बटण देव बसवायला विसरलाय. दुसरी मैत्रीण गोगलगाय. मधली सुट्टी संपली तरी तिचा डबा संपत नाही, माझाही संपत नाही, म्हणून आम्ही दोघी मागे राहत गेलो आणि मैत्रिणी झालो. मला त्या बाटली म्हणतात, कारण पाण्याच्या बाटलीशिवाय मला कुणी कधी बघितलेलंच नाही.

आदल्या दिवशी मी त्यांना नळीचं सांगितलं होतं. की उद्या दवाखान्यात जायचंय. की सोमवारी बहुतेक माझ्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतील, गालावर चिकटपट्टीनं बसवतील आणि दीड महिना मी तोंडानं काहीही खायचं नाही. नळीतून एक दुधासारखं दिसणारं, पण दूध नसलेलं औषधी पेय पोटात जाईल, तेच जेवण.

"शाळेत पण?" गोगलगायीनं विचारलं.

"शाळेत पण. झोपेत पण."

रेडिओनं चक्क आवाज बारीक केला. मग म्हणाली, "आणि तू काय म्हणालीस डॉक्टरांना?"

"मी काय म्हणणार? आई बोलते."

"दोन वर्षं आईच बोलतेय? म्हणजे ओठ तुझे, आवाज तिचा. डब केलेला सिनेमाच की गं तू."

गोगलगाय हसली. मीही हसले, पण लागलं. गेल्या वर्षापर्यंत मी मुलींच्या बाथरूममध्ये उभ्यानं डबा खायचे. घास अडकला की मी मान वर करून दोन्ही हात झटकते, आणि ते पोहायला विसरलेल्या बदकासारखं दिसतं, असं मला एकीनं सांगितलं होतं. या वर्षी मी सगळ्यांच्या मध्ये बसून खाते. या वर्षी मी निवडून आलेली वर्गप्रमुख आहे. भूगोलाच्या बाईंनी नकाशा उलटा टांगलाय हे भर वर्गात सांगणारी मीच. आणि डॉक्टरांसमोर गेलं की मी परत बदक.

"उद्या एक प्रश्न तू विचारायचास," रेडिओ म्हणाली. "आणि प्रश्न आम्ही देणार. हिंमत आहे?"

"आहे."

"नाही विचारलास तर नळी असेपर्यंत तुझं दप्तर तूच उचलायचं. आम्ही हात लावणार नाही."

मग तिनं प्रश्न सांगितला. गोगलगायीच्या नाकातून भात येता येता राहिला.

आता तुम्हाला आजार सांगते. त्याचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. नावच घशात अडकतं. रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांचं काम शत्रूशी लढायचं. माझ्या पेशींना काही साध्यासुध्या पदार्थांमध्येच शत्रू दिसतो. मग त्या अन्ननलिकेत गर्दी करतात आणि ती सुजवून ठेवतात. वर्षानुवर्षं सुजलेली अन्ननलिका आतून जाड होते, अरुंद होते, आणि घास उतरायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोर ओवायचा. मी लहान होते तेव्हा सगळे म्हणायचे, नखरे आहेत पोरीचे, नीट चाव. मी इतकं नीट चावायचे की गाईनं येऊन शिकवणी लावावी.

एका माणसाला मात्र ते नखरे कधी वाटले नाहीत. बाबांना. बाबा प्लंबर आहेत. अडकणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला लागत नाही. "पाणी घे," ते म्हणायचे. "पाण्यापुढे काही टिकत नाही." आमच्या घरात जेवताना देवाचं नाव घ्यायचं राहील, पण पाणी राहणार नाही. घास, पाणी, घास, पाणी. माझा पेला बाबा स्वतः भरतात, कोमट, काठोकाठ. गोळी असो, सिरप असो, वर पेलाभर पाणी. ते पाणी नसतं तर मी एवढी वाढलेच नसते, हे खरंच आहे, म्हणूनच पुढचं सांगायला अवघड जातं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि आजार सापडला. आधी सहा गोष्टी बंद झाल्या: दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे-बदामासारखे सगळे दाणे, मासे. दीड-दोन महिन्यांत थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग औषध सुरू झालं. प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांमधलं पाणीदार औषध मधात घोटून दाट करायचं आणि गिळायचं, सकाळी आणि संध्याकाळी. पुन्हा दुर्बीण. सूज तशीच. औषध वाढवलं. पुन्हा दुर्बीण. सूज तशीच. दर वेळी घरी परतताना बाबांच्या व्हॅनमध्ये मागचे पाइप एकमेकांवर आपटायचे, तेवढाच आवाज.

आणि मग गेल्या महिन्यातला तो रविवार. दुपारी जेवताना मऊ भाताचा घास अडकला. नेहमीसारखं पाणी घेतलं. ते गेलं नाही. ते तसंच वर आलं, नाकातून, तोंडातून. बाबांनी आणखी दिलं. तेही आलं. मग माझी स्वतःची थुंकीसुद्धा उतरेना. तुम्ही दिवसभर किती थुंकी गिळता हे तुम्हाला माहीत नसतं, मलाही नव्हतं. मी बेसिनवर वाकून ती गाळत उभी होते आणि छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळून बसलं होतं. मला श्वास घेता येत होता. बाबा मला तेच सांगत होते, "श्वास घेतेयस ना? घेतेयस ना? मग झालं." त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. दवाखान्यात मला झोपवून दुर्बिणीनं घास काढला. जागी झाले तेव्हा डॉक्टर आईला सांगत होत्या की नलिका आता पेन्सिलीएवढीच उरलीय, औषध लागू पडत नाहीये, आता सगळंच अन्न थांबवून बघायला हवं.

म्हणून नळी. म्हणून ती खोली, आई आणि मी, आणि टेबलाखाली पसरलेले रिपोर्ट.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाव काय त्याचं?"

"कुणाचं?"

"दूध पिणाऱ्याचं."

"कुणी नाहीये. समजा म्हटलं मी."

"समजा म्हणजे?" टेबलाखालून आई म्हणाली.

"तुझा त्रास एका मिनिटात ओठ सुजवणारा नाही," डॉक्टर माझ्याशी बोलत होत्या, सरळ माझ्याकडे बघून. दोन वर्षांत पहिल्यांदा. "तो पदार्थ रोज पोटात जात राहिला तर हळूहळू सूज येते. एवढ्या-तेवढ्यानं काही होणार नाही. तरी त्याला म्हण, आधी चूळ भरून ये."

मला एकदम मोकळं वाटलं. एक प्रश्न विचारून झाला होता, छत कोसळलं नव्हतं, मग जीभ सैल सुटली. "माझ्यासारखी चूळ? मग काय उपयोग, डॉक्टर? तो सगळं दूध परत गिळेल."

"तुझ्यासारखी म्हणजे?"

"मी औषधानंतर भरते ना. भरते आणि गिळते. वर एक पेला पाणी."

डॉक्टरांची खुर्ची चाकांची होती. ती टेबलाला वळसा घालून माझ्या गुडघ्यांपर्यंत आली. "परत सांग. पहिल्यापासून. औषध कसं घेतेस?"

मी सांगितलं. मधात घोटते. चमच्यानं गिळते. तोंड चिकट होतं म्हणून चूळ भरते, ती गिळते, कारण औषध महागाचं आहे, थुंकायचं कशाला. मग बाबा पाणी देतात.

"रोज?"

"रोज. दोन्ही वेळा."

आई हातात कागदांचा गठ्ठा घेऊन वर आली होती. "नर्सबाईच म्हणाल्या होत्या," ती म्हणाली, "पाण्यानं चूळ भरायची म्हणून."

"भरायची आणि थुंकायची," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आणि नंतर अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. हे पोटात जाऊन काम करणारं औषध नाही. ते आतून चिकटून बसायला हवं, जिथे सूज आहे तिथे. लेपासारखं. म्हणून तर ते दाट करायचं."

आईनं कागद पिशवीत घालायला सुरुवात केली. एक आत जाईना, दुमडला, तरी ती ढकलत राहिली.

"म्हणजे औषध बरोबर होतं?" तिनं विचारलं.

"ते अजून आपल्याला माहीतच नाही. ते लागलेलंच नाही कुठे." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी दर वेळी विचारलं की औषध वेळेवर घेते का. तुम्ही हो म्हणालात. कसं घेते, हे मी विचारलं नाही. ते मी विचारायला हवं होतं."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. सोमवारी ठरल्याप्रमाणे नळी: बहुतेकांची सूज तिनं उतरते, आणि तोंडातून घासच जाणार नाही म्हटल्यावर अडकायचा प्रश्न नाही. किंवा हेच औषध नीट, तीन महिने, मग दुर्बीण. तोवर सगळं वाटून, पातळ करून खायचं. पण नलिका आज अरुंद आहे ती उद्या रुंद होणार नाही. मधल्या काळात पुन्हा काही अडकू शकतं, पुन्हा रविवारसारखं होऊ शकतं. आणि तीन महिन्यांनंतर कळेल की औषध खरंच लागू नाही, तर नळी आहेच.

"घरी बोला," त्या म्हणाल्या, "आणि सकाळी फोन करा."

आई घरी गेलीच नाही. माझं मनगट धरून ती सरळ बाबांच्या कामावर निघाली. मी पाच वर्षांची असल्यासारखं तिनं मला दोन रस्ते ओलांडून नेलं. बाबा एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बाथरूमची जोडणी करत होते. अजून दारं बसली नव्हती. ते गुडघ्यांवर बसून पाइपच्या तोंडाला सोल्युशन लावत होते. सोल्युशन म्हणजे तो उग्र वासाचा चिकट डिंक, ब्रशनं लावतात आणि दोन पाइप एकमेकांत दाबून धरतात. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, मेस्त्री, पाणी सोडू का? बाबांनी मान न वळवता ओरडून सांगितलं, आज नळाला हात लावायचा नाही, ओलं आहे.

मग त्यांनी आम्हाला पाहिलं. "काय झालं? सोमवारच ना?"

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. ती कपडे दुरुस्त करायचं काम करते, चेन बसवणं, काठ उसवणं, आणि दिवसभर तोंडात टाचण्या धरून बोलते. तेव्हा ती तशीच दिसत होती, ओठ घट्ट, जसं काही उघडले तर टाचण्या घशात जातील.

म्हणून मी सांगितलं. सगळं. चुळीचं, पाण्याचं, लेपाचं. शक्य तितक्या हलक्या आवाजात सांगितलं, मध्ये एक विनोदसुद्धा केला, की बाबा, तुम्ही माझी नळी इतकी स्वच्छ धुतलीत की औषधाला राहायला जागाच उरली नाही.

बाबा हसले नाहीत. ते हातातल्या ब्रशकडे बघत होते.

"म्हणजे सोल्युशन लावायचं आणि लगेच पाणी सोडायचं," ते म्हणाले.

"अहो," आई म्हणाली.

"गिऱ्हाइकानं असं केलं तर मी त्याची आईबहीण काढतो." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि झाकण लावायला गेले. आटे जुळेनात. परत काढलं, परत लावलं. मग झाकण तसंच तिरपं सोडून ते उलट्या बादलीवर बसले. "दोन वर्षं मी स्वतःच्या हातानं..." ते म्हणाले.

खालून पुन्हा हाक आली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी वाटीत मध घेतला. कुपीचं तोंड मोडलं, औषध ओतलं, घोटलं. आई शिवणाची मशीन सोडून दारात येऊन उभी राहिली. बाबा आतच होते. आधी जेवण झालं होतं, उकडलेला बटाटा पाण्यात कालवून, खीर म्हणावी इतका पातळ, आणि तेवढ्यालाही मी बराच वेळ घेतला होता. मी चमचा चमचा औषध गिळलं. चूळ भरली. बेसिनमध्ये थुंकले. आईचे खांदे आपोआप आक्रसले, दोन वर्षं जे वाचवलं ते मोरीत जाताना बघून. तिच्या फोनवर मी अर्ध्या तासाचा गजर लावला, तो ओट्यावर उभा केला आणि स्टुलावर बसले.

मग सुरू झालं.

औषध छातीत बसलं होतं. म्हणजे बसायलाच हवं होतं, हेच तर पाहिजे होतं, पण माझ्या अंगाला ते कोण सांगणार? छातीत काही बसलं की पाणी, एवढंच त्याला माहीत. जीभ टाळूला चिकटली होती. हात आपोआप बाजूला गेला, जिथे नेहमी पेला असतो. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले. बोलायचं की नाही हे डॉक्टरांना विचारायला मी विसरले होते. म्हणून ठरवलं की गजर होईपर्यंत तोंडच उघडायचं नाही. मी अर्धा तास गप्प बसणं म्हणजे काय, ते रेडिओला विचारा.

बाबांच्या हातात पेला होता. काठोकाठ. सवयीनं भरला असणार. तो प्यावा, ओतावा की खाली ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते नुसते धरून उभे होते.

"सोमवारी नळी घालून घेऊ," ते म्हणाले. मला नाही, आईला.

"आणि औषध?"

"औषध, औषध करून दोन वर्षं गेली."

"ते औषध कुठे होतं? पाणी होतं ते."

मला वाटलं आता तरी आई थांबेल, पण बोलून गेल्यावर तिचा तिलाच राग आला आणि मग तो बाबांवर निघाला. "मी सांगितलं होतं तुम्हाला, नर्सबाई चूळ म्हणाल्या होत्या. पेलाभर पाजा, असं कुणी म्हणालं होतं?"

"थुंकायचं म्हणून तरी सांगितलंस का?"

"महागाचं आहे, थुंकू नकोस, हे मीच म्हणाले. बोला ना. दुपारपासून तुमच्या मनात आहे ते, बोलून टाका एकदा."

"मी काही बोललो का?"

"तेच तर."

मी स्टुलावर होते. दोघांच्या बरोबर मध्ये. त्यांना माझ्या डोक्यावरून बोलायला थोडी मान उंचवावी लागत होती एवढंच. छातीतला गोळा खाली सरकतोय की वर येतोय ते मला कळेना. अडकलं तर? या औषधाचाच लेप अडकला तर? वेड्यासारखा विचार होता, तो चमचाभर मध होता, पण भीती कुठे मोजूनमापून येते. डोळ्यांत पाणी आलं. मी ते गालावरून ओघळू दिलं, तोंडाकडे आलं तशी मान वाकडी केली, कारण पाणी ते पाणीच.

"मला नाही जमणार परत," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "त्या रविवारी तू गाडीची किल्ली शोधत होतीस. तिला बेसिनवर मी धरलं होतं. तिच्या तोंडातून थुंकी गळत होती आणि ती माझ्याकडे बघत होती, की बाबा, काहीतरी करा. आणि मी काय केलं? पाणी पाजलं. वर येतंय, दिसतंय मला, तरी पाजलं." पेल्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या पायावर सांडलं. "नळी असली की घास नाही. घास नाही तर अडकणार नाही. मला झोप तरी लागेल."

आईनं पायपुसणं त्यांच्या पायाशी सरकवलं. मग म्हणाली, "तिच्या नाकात नळी घालून तिला शाळेत पाठवायचं तुम्हाला जमेल?"

"नाही."

"मग?"

"तेही नाही जमणार. पण त्यानं ती मरणार नाही."

तो शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. काढल्यावर तो गेला नाही, तिथेच राहिला, ओट्यावर, फोनशेजारी. आई खाली बसली, दाराच्या उंबऱ्यावरच. तिच्या ब्लाउजला दोन टाचण्या टोचलेल्या होत्या, त्यातली एक ती काढायची आणि परत तिथेच टोचायची.

आणि खरं सांगू का, त्या क्षणी मलाही नळी हवीशी वाटली. मनापासून. रोज ताटासमोर बसून पहिल्या घासाला देवाची आठवण काढायला नको. वर्गातल्यांनी बघायचं ते बघू दे. मी नुसती पडून राहीन, पोट आपोआप भरेल आणि बाबा झोपतील. इतकी दमले होते मी. आत्तापर्यंत मी नळीला का घाबरत होते तेच आठवेना. मान हलवली असती, हो म्हणून, तरी काम झालं असतं. दोघांनाही बरं वाटलं असतं. मग दोघं मिळून माझी बॅग भरायला लागली असती आणि भांडण संपलं असतं.

पण मग मी नीट विचार केला, जेवढा हातांवर बसून करता येतो तेवढा. दोन वर्षांत माझ्या छातीत काय काय घातलं, काय काय काढलं. दुर्बीण, चिमटे, औषध, पाणी. कधी घालायचं, किती घालायचं, सगळं वरून ठरलं, माझ्या डोक्यावरून, आत्ता चाललंय तसंच. आणि आत काय होतं हे मला एकटीलाच माहीत असतं. पाणी पिताना औषध सर्रकन खाली जायचं ते मला रोज कळत होतं. रोज. ते महत्त्वाचं आहे हे मात्र कुणी मला सांगितलं नव्हतं. आज ते बसलंय, हेही कळत होतं. जड वाटत होतं, चिकट वाटत होतं, नको वाटत होतं, पण ते तिथे होतं. पहिल्यांदा. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते आज संध्याकाळी सुरू झालं होतं आणि बाबा ते सोमवारी बंद करायला निघाले होते.

नळी घेतली तर सूज उतरेल. पण नळी कधी तरी काढावी लागेल, आणि काढल्यावर औषध लागतंय की नाही हे तेव्हाही कुणालाच माहीत नसेल. मग परत पहिल्यापासून.

गजर वाजला. बाबा दचकले, उरलंसुरलं पाणीही सांडलं. आई उठून फोनकडे धावली, जसं काही तो वाजत राहिला तर औषध परत वाहून जाईल.

मी हात मांडीखालून काढले. मुंग्या आल्या होत्या. बाबांकडे बघितलं, मग आईकडे. आवाज घोगरा येईल असं वाटलं होतं. नीट आला.

"सोमवारी मी येणार नाही," मी म्हणाले. "तीन महिने औषध घेणार. नळी आत्ता नको."

"अगं, पण," बाबा म्हणाले.

"बाबा, थांबा. सकाळी डॉक्टरांना फोन मी करणार, आई नाही. औषध मी घोटणार, मी घेणार, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही दोघांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. भांडायचं असेल तर व्हॅनमध्ये जाऊन भांडा. खाणं सगळं पातळ करून खाईन, कंटाळा आला तरी खाईन. अडकणार नाही असं मी सांगू शकत नाही. अडकलं तर ओरडेन, तेव्हा पाणी द्यायचं नाही, गाडी काढायची. आणि तीन महिन्यांनी दुर्बिणीत सूज तशीच दिसली, तर नळीला मी हो म्हणणार आहे. तेव्हा मी रडेन, पण हो म्हणेन. तुम्हाला चालेल का, असं नाही विचारत मी. मी ठरवलंय, ते सांगतेय."